वेळ न टाकलेली सही

काका, परवा तुम्हाला स्मशानात पोचवायला आलो होतो, तिथेही मी पाणी प्यायला गेलो. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही.

सगळं आटोपल्यावर माणसं झाडाखाली घोळक्यानं उभी होती. कोण कुठून आलं, गाडी कुठे लावली, ऊन किती आहे, असलं बोलणं चाललं होतं. माझ्या शेजारी शुक्ला भैया. पाच वर्षांपूर्वी आपण दोघं ज्यांच्या कंपनीत होतो ते आपले मालक. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे. कोणा ओळखीच्याला ते सांगत होते, "मेश्रामजी हीरा आदमी थे. बस, एक बार बिना देखे साइन मार दिए थे. उमर हो गई थी, आँख साथ नहीं देती थी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "क्यों अविनाश, याद है ना?"

मी म्हणालो, "हव भैया." आणि लगेच म्हणालो, "पानी पीके आता हूँ." नळाकडे गेलो. तहान नव्हती. नळाला पाणीही नव्हतं. तरी तिथे हात धुतल्यासारखं करत पाच मिनिटं उभा होतो.

ती सही तुमची नव्हती, माझी होती. हे जगात दोघांना माहीत होतं. त्यातले तुम्ही गेलात, आणि जो उरला तो किती भरवशाचा आहे हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक.

दमलोय काका. रडूही येत नाही धड. पाच वर्षं एक गोष्ट न सांगता वागवायची म्हणजे खिशात ओला रुमाल ठेवून हिंडण्यासारखं. कोणाला दिसत नाही, पण आपली मांडी गारच राहते.

तुम्ही आलात तेव्हा राज्य नवं होतं आणि रायपूर राजधानी होण्याची सवय करून घेत होतं. सरकारी खाती भाड्याच्या घरांत, शाळांच्या मागच्या खोल्यांत थाटलेली. जुन्या पाट्यांवर रंग मारून नवी नावं टाकलेली, आणि रंगाखालून मध्य प्रदेश अजून दिसायचा. शंकर नगरात आपलं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. दुकानाचं नाव राजधानी टायर्स, समोर राजधानी झेरॉक्स, कोपऱ्यावर राजधानी पान. माझंही तसंच चाललं होतं. दोन पुस्तकं वाचून मी स्वतःला सीनियर प्रोग्रामर म्हणवून घेत होतो, कारण ज्युनियर कोणी नव्हता.

तुम्ही तारघरातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. सगळी नोकरी हिंदी तारा घेण्यात आणि पाठवण्यात गेलेली. शुक्ला भैयांनी तुम्हाला हिंदी टाइप करायला आणि तपासायला ठेवलं. पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतःच्या पैशानं जाड रजिस्टर आणलंत, रेघा आखल्यात आणि म्हणालात, "जे बाहीर जाईन ते यात चढन. चढल्याबिगर जानार नाही." प्रत्येक नोंदीपुढे तुम्ही मेश्रामचा 'मे' लिहायचात, खाली आडवी रेघ, आणि बाजूला वेळ. चौदा वाजून दहा. सोळा वाजून पंचेचाळीस. मी चेष्टेनं विचारलं होतं, "काका, वेळ कशाला? आपली काय गाडी सुटते?"

"तारीवर वेळ नसन तं ते तार नाही, चिठ्ठी हाय," तुम्ही म्हणालात. मग चष्म्यावरून पाहिलंत. "आन तू कोन, स्टेशन मास्टर?"

मी तुम्हाला 'तारबाबू' म्हणायला लागलो. तुम्ही मला 'अव्या' म्हणायचात. त्याआधी मला अव्या फक्त माझे वडील म्हणायचे, तेही निकालाच्या दिवशी.

आपल्याकडे काम आलं एका खात्याचं. नाव नको. नव्या राज्यात नव्या जागा निघाल्या होत्या आणि उमेदवारांना मुलाखतीची सूचना ईमेलनं पाठवायची होती, हिंदीत. पाठवणारा प्रोग्राम मी लिहिणार होतो. तुम्हाला यातलं काही सांगायची गरज नाही, पण पुढेमागे हे दुसरं कोणी वाचेल, त्याच्यासाठी सांगतो. ईमेलच्या मजकुरावर मथळ्याच्या ओळी असतात. कोणाकडून, कोणाला, कधी, विषय काय. त्या ओळींचे नियम जुने आहेत आणि फक्त इंग्रजी अक्षरं डोळ्यापुढे ठेवून केलेले आहेत. त्यात सरळ हिंदी टाकली की वाटेतलं एखादं यंत्र तिचा चुरा करतं. मी अर्थातच सरळ टाकली. पहिली चाचणी शुक्ला भैयांच्या पत्त्यावर गेली आणि त्यांनी विचारलं, "ये कौन सी भाषा है, तेलुगु?"

मग मी शिकलो की हिंदी वेष पालटून पाठवायची. तिची इंग्रजी अक्षरांच्या संकेतात पुडकी बांधायची, एक पुडकं पंचाहत्तर खुणांच्या आत. विषय लांब असेल तर पुडकी अनेक, एकाखाली एक ओळीत, आणि दुसऱ्या ओळीपासून पुढे सुरुवातीला एक मोकळी जागा सोडायची. त्या मोकळ्या जागेवरून समोरच्या यंत्राला कळतं की ही आधीचीच ओळ पुढे चालली आहे. मी ती जागा सोडली नाही. मला ती दिसायला वाईट वाटली होती.

पत्र गेलं खात्याच्या साहेबांकडे. विषय अर्ध्यात तुटला आणि मथळ्याचा उरलेला सगळा पसारा, कोणाकडून, कुठल्या प्रोग्रामनं, कुठल्या यंत्रावरून, 'महोदय'च्या वर सांडला. साहेबांनी त्याचा प्रिंट काढला, लाल शाईनं रेघा मारल्या, 'यह क्या है?' असा शेरा लिहिला आणि फाइलला लावला. माझ्या कामाची सरकारदरबारी झालेली ती पहिली नोंद. ती फाइल अजून असेल. सरकारी फाइली आपल्यापेक्षा जास्त जगतात.

त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत. डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खाय. आन मंग ते जागा सोड."

आता तिसरी चूक. हिच्याबद्दल हसत सांगायला मला अजून जमत नाही, पण दुसऱ्या तऱ्हेनं सांगायची सवयही नाही.

पुडकी बांधताना हिंदीची प्रत्येक खूण यंत्रात तीन बाइट घेते. अक्षर तीन, काना तीन, आकडा हिंदीतला असेल तर तोही तीन. मोकळी जागा मात्र एकच बाइट. मी काय केलं, सगळे बाइट एका रांगेत लावले आणि पंचेचाळीस-पंचेचाळीसचे तुकडे पाडले. पंचेचाळीसला तीननं भाग जातो, म्हणजे प्रत्येक तुकड्यात पंधरा खुणा अखंड बसणार. चाचणीसाठी विषय लिहिला 'राजधानीराजधानीराजधानीराजधानी'. उत्तम गेला. मी खुर्चीत मागे रेललो.

तुम्ही विचारलंत, "असं नाव कोनाचं असते बे?"

खरी नावं घातली तेव्हा काही विषयांत मधेच एक खूण मोडायला लागली. तिच्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, कधी दोन. तुमच्या मशीनवर दिसायचं, माझ्या मशीनवर नाही. माझा मेल वाचणारा प्रोग्राम दयाळू होता, पुडकी आधी जोडायचा आणि मग वाचायचा, म्हणून मोडकी खूण आपोआप सांधली जायची. मी म्हणालो, "काका, तुमच्या कॉम्प्युटरचा फॉन्ट खराब आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तात्यापाऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून, तीन वेगवेगळ्या ठिकाणी खाती उघडून, प्रिंट काढून आणलेत. टेबलावर दोन गठ्ठे ठेवलेत.

"हे बरोबर आले, हे मोडून आले. आता पाय. मोडाच्या जागेच्या आधी किती जागा सोडल्या ते मी मोजलं. एक असन तं मोडते. दोन असन तं मोडते. तीन असन तं बरोबर येते."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, जोरात हसलो. म्हणालो, "मोकळ्या जागेनं कुठे अक्षर मोडतं का? तुम्ही आता कुंडली मांडा."

ते कॉम्प्युटरचं शिक्षण नसलेल्या माणसानं, नुसतं बोटानं मोजून, अचूक शोधलेलं होतं. एक मोकळी जागा आली की रांग एका बाइटनं सरकते आणि तुकडा खुणेच्या मधोमध पडतो. तीन जागा आल्या की हिशेब पुन्हा जुळतो. मला हे महिन्याभरानं कळलं. तुम्ही त्या दिवशी दोन तऱ्हांनी समजावून पाहिलंत. प्रिंटच्या कागदाची लांब पट्टी कापलीत, डिंकाची बाटली काढलीत. "तार अशी पट्टीवर येते. ते तारीच्या फार्मवर चिकटवा लागते. ओळ सरली का पट्टी फाडाची. पन फाडाची कुठं? फार्म सरला तिथं नाही. शब्द सरला तिथं. 'बाबूजी सीरियस' मधी 'सी' वर फाडून देलं, तं वाचनारा काय समजन?"

"काका, हे टेलिप्रिंटर नाही."

"मानूस तोच हाय ना वाचनारा."

भांडण तिथेच राहिलं. तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिलंत, 'जागेचा उलगडा होईपर्यंत रवाना करू नये', खाली 'मे', रेघ, सतरा वाजून वीस. आणि दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीला गेलात, दरवर्षी जायचात तसे, काकूंना घेऊन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून फोन आला, सूचना आजच गेल्या पाहिजेत. शुक्ला भैयांनी विचारलं, "चेक हो गया?" मला 'नाही' म्हणता आलं असतं. 'मेश्रामजी परवा येतायत' म्हणता आलं असतं. पण तुम्ही परत आलात की डिंकाची बाटली निघणार, पुन्हा पट्टी, पुन्हा फार्म, आणि मनात कुठेतरी हेही होतं की तुमचं बरोबर निघालं तर. मी म्हणालो, "हो गया भैया." मग रजिस्टर उघडलं, नव्या नोंदीपुढे तुमच्यासारखा 'मे' काढला, खाली रेघ मारली. छान जमला होता. शाळेत असतानाही मी वडिलांची सही उत्तम करायचो.

सूचना गेल्या. दोनशेच्या वर.

काळजी घ्यायची म्हणून मी आणखी एक हुशारी केली होती. मजकूर सगळ्यांना सारखाच ठेवला होता. 'आपकी तिथि ऊपर विषय में अंकित है.' तारीख फक्त विषयात. एकाच ठिकाणी असली की चूक होत नाही, असं माझं मत होतं.

त्यातली एक उमेदवार, बीरगांवची पुष्पा, आली तेव्हा तुम्ही परत आला होतात. वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. अंगावर धुतलेला पण इस्त्री नसलेला ड्रेस, हातात प्रिंट, मजकुराखाली आपल्या ऑफिसचा पत्ता होता म्हणून विचारत विचारत आलेली. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "भैया, इसमें सत्रह कहाँ लिखा है?"

विषयात तिचं नाव होतं, मग 'दिनांक', मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणखी एक, आणि मग ७. सतरामधला एक माझ्या सुरीखाली आला होता. तिच्या गल्लीतल्या मैत्रिणीला सत्तावीस तारीख होती. हिला वाटलं आपलीही तीच. सत्तावीसला गेली. तिथे म्हणाले, तुमचं दहा दिवसांपूर्वी होतं.

मी म्हणालो, "आपने कौन से कैफे में खोला था? फॉन्ट का होगा." काका, मी त्या मुलीला फॉन्ट म्हणालो.

तुम्ही तिला खुर्ची दिलीत. कागद घेतलात, बोटानं मोकळ्या जागा मोजल्यात. दोन. माझ्याकडे पाहिलं नाहीत. पुढचे तीन दिवस तिला घेऊन त्या खात्याच्या पायऱ्या चढलात. शेवटी ते म्हणाले, नवी तारीख देऊ, पण कंपनीनं लेखी द्यावं की चूक आमच्याकडे झाली, आणि कोणाची ते नावानिशी.

शुक्ला भैयांच्या केबिनमध्ये आपण तिघं बसलो ती दुपार. भैया म्हणाले, "प्रोग्राम की गलती लिखेंगे तो काम ही हाथ से जाएगा. चेकिंग में चूक लिख दो, वो चल जाएगा. चेक किसने किया था?" रजिस्टर टेबलावर उघडं होतं. तुम्ही त्या 'मे'कडे बराच वेळ पाहिलंत. त्याच्या बाजूला वेळ नव्हती. तुमच्या सगळ्या नोंदींत ती एकच तशी. भैयांना ते दिसलं नाही, तुम्हाला पहिल्या नजरेत दिसलं. मग तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. घाई नव्हती, राग नव्हता. वाट पाहत होतात.

मी म्हणालो, "मैं ज़रा पानी पीके आता हूँ."

माठ बाहेर जिन्यापाशी होता. मी दोन पेले प्यायलो. परत आलो तेव्हा तुमचं पेन चाललं होतं. 'जाँच में असावधानी मुझसे हुई.' तुम्ही लेखी देऊन बाहेर पडलात आणि भैया मला म्हणाले, "इन लोगों का ध्यान छुट्टी पे रहता है." 'इन' म्हणजे कोण, हे मला न समजण्याचं काही कारण नव्हतं. मी न समजल्यासारखं केलं. त्या दिवशी माझं नाव बचावलं, त्याहून हे जास्त टोचतं.

पुष्पाला तारीख मिळाली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला मी गेलो नाही. तुम्हाला महिनाअखेरी भैयांनी सांगितलं, "अब घर पे आराम करिए."

उरलेल्या दिवसांत तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल असं वाटलं होतं. तुम्ही खुर्ची माझ्या टेबलाला लावलीत. "चाल, आता कर. एक खून घे. अख्खी. पुडक्यात बसते का पाय. बसत नसन तं पुडकं बंद कर, खाली उतर, जागा सोड, नवं पुडकं." मी तसं लिहिलं. बाइट मोजायचे, पण कापायचं खुणेवर. तुम्ही दोनशे नावं स्वतः घालून पाहिलीत, एका जागेची, दोनची, पाचची. मजकुरातही तारीख घालायला लावलीत, आकड्यात आणि अक्षरात. तो कोड मी पुढे दोन नोकऱ्यांत घेऊन गेलो. लोक मला विचारतात, मथळ्यांचं हे इतकं बारीक कुठे शिकलास. मी म्हणतो, वाचून.

मग तुम्ही तात्यापाऱ्यात एका ओळखीच्या टायपिंगच्या दुकानात बसायला लागलात, लोकांचे अर्ज लिहून द्यायला. मी यायचो. दर वेळी ठरवून यायचो की आज बोलायचं, आणि तुम्ही दर वेळी माझ्या लग्नाचं काय झालं ते विचारायचात. एकदाच मी जमवलं. म्हणालो, "काका, तुम्ही माझ्यासाठी जे केलं..."

तुम्ही हातातला अर्ज खाली ठेवलात. "तुह्यासाठी? तू कोन बे?"

"म्हणजे ते रजिस्टर..."

"त्या पोट्टीले तारीख पायजे होती. त्याले एक नाव लागत होतं. तुह्यासाठी मी काहून करू?"

पाच वर्षांतला माझा सगळ्यात मोठा विनोद हा, काका. मी समजत होतो की माझ्यासाठी कोणी एवढा त्याग केला. रात्री डोळे भरून यायचे माझे स्वतःच्या नशिबावर. आणि तुमच्या हिशेबात मी कुठे नव्हतोच.

मी म्हणालो, "मग माझंच नाव लिहायचं ना. तुम्हाला तर माहीत होतं."

"नाव मांगून घेत नसते कोनी," तुम्ही म्हणालात. "तू देलं काय?"

तुम्ही पुन्हा अर्ज उचललात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. नंतर वर्षभर येत राहिलो, चहा पीत राहिलो, ते सोडून सगळं बोलत राहिलो.

काल काकूंकडे गेलो. बसलो, आणि सांगितलं. सरळ सांगता येत नव्हतं, आधी साहेबांच्या लाल शेऱ्याची गोष्ट सांगितली, मग माठाची. त्या ऐकत होत्या. सहीपाशी आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "वेळ टाकली होती काय?"

"नाही."

त्या उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे.

"पाच वर्षं मी त्यायले बोलले," त्या म्हणाल्या. "का तुमाले दिसत नाही, तुमी न पायता सह्या करता. डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं. त्यानं मोतीबिंदू काढला. तरी मले भरवसा नाही वाटला. स्कूटर इकून टाकली मी. रस्ता पार कराचा तं हात धरो त्यायचा. चार लोकायसमोर धरो. काही नाही म्हनले कधी. धरू देत."

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही तात्यापाऱ्यात रिक्षानं का यायला लागलात, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला वाटायचं वय. त्या 'मे'चं ओझं तुम्ही ऑफिसात सोडून आलात असं मला वाटत होतं. तुम्ही ते घरी घेऊन गेलात, आणि स्वतःच्या बायकोनं रोज थोडं थोडं वाढवलेलं तिच्यासमोरच उचलून हिंडलात. खरं सांगितलं असतं तर काकू माझ्या घरी आल्या असत्या, हे तुम्हाला माहीत होतं. आणि माझी आई तेव्हा हयात होती, तिला ते ऐकावं लागलं असतं.

"तुमी दोघं मिळून मले येडी बनवलं," काकू म्हणाल्या. "ते गेले. तू हाय."

मी म्हणालो, माफ करा. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांना त्याचं काही करायचं नव्हतं.

"रविवारी त्यायच्या पुण्यानुमोदनाची सभा हाय. शुक्लाले बलावलं हाय. पाच जन बोलतीन. सहावं नाव तुहं लिवतो. काय बोलशीन ते लिहून आन, मले दाखव."

मी आज दुपारी लिहून नेलं. तीन पानं. मला माहीत होतं मला चांगलं बोलता येतं. तेलुगुवाला किस्सा होता, 'असं नाव कोनाचं असते बे' होतं, डिंकाची बाटली होती. तुमची नक्कल करायच्या जागा खुणा करून ठेवल्या होत्या. काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी हसल्याही. मग पानं माझ्या हातात दिली.

"मजेदार हाय. यात माह्या मानसाचं नाव कुठं साफ होते?"

"तिसऱ्या पानावर."

"तिसऱ्या पानापावतर लोक हसत बसतीन. शुक्ला जेवाले उठन. पयलं तेच लिही. बाकी उरलं तं सांगजो."

तिथेच बसून लिहिलं. हिंदीत, कारण शुक्ला भैयांना मराठी कळत नाही. 'उस रजिस्टर में वह साइन मेरा था, मेश्रामजी का नहीं. मैंने किया, और मैं चुप रहा.' एवढंच. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तुमच्या सवयीनं हात पुढे गेला म्हणून वेळही टाकली.

काकूंनी कागद दोनदा वाचला.

"उभा राहून वाच."

मी उभा राहिलो. पहिल्यांदा नुसता पुटपुटलो. दुसऱ्यांदा 'मेरा'वर अडखळलो; मला वाटलं त्या म्हणतील, ठीक आहे, रविवारी बघू. त्या खुर्चीत हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तिसऱ्यांदा नीट झालं.

मग त्या उठल्या आणि बाहेरचं दार सताड उघडलं. गल्लीत शेजारच्या बाया ओट्यावर बसल्या होत्या, दोघी मटार सोलत होत्या. त्यांनी आत पाहिलं.

"आता जोरानं," काकू म्हणाल्या.

मी वाचलं.